कपाखालचं तळं

मित्रांनो, मी एक जुनं गिरमिट आहे. पण सुताराच्या पेटीतलं समजू नका. सुताराचं गिरमिट फळीला भोक पाडतं. मी गोठलेल्या तळ्याला पाडतो. उभा केलात तर मी मोठ्या माणसाच्या छातीला लागेन. माझ्या डोक्यावर तळहात टेकायला लाकडी गोळा आहे, त्याखाली गरागरा फिरवायची वाकडी दांडी, मग पीळ आणि सगळ्यात खाली दोन पाती. एके काळी मी लालभडक होतो. आता तो रंग पिळांच्या आतल्या बाजूलाच उरला आहे आणि तो बघायला मान वाकडी करावी लागते.

माझा जन्म उत्तर स्वीडनमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पात्यांना धार लावायचं काम एक बाई करत. धार लावून झाली की त्या पातं अंगठ्याच्या नखावर टेकवत. नखावरून घसरलं तर पुन्हा दगडावर, नखात रुतलं तर पास. माझी पाती पहिल्याच खेपेला रुतली. "याला फक्त मातीत घालू नका म्हणावं," असं त्या बाई खोकी भरणाऱ्याला म्हणाल्या होत्या. ते वाक्य मी जन्मभर लक्षात ठेवलं. पण मी लक्षात ठेवून काय उपयोग?

मला घरी आणलं हालवारने. तो डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात बर्फ लोटायची गाडी चालवायचा. आठवडाभर रस्त्यावरचा बर्फ बाजूला करायचा आणि सुट्टी मिळाली की पुन्हा बर्फावरच जाऊन पडायचं, असा त्याचा खाक्या. त्याची बायको मेर्ता शाळेच्या स्वयंपाकघरात होती. ती म्हणायची, "पगारी बर्फ उपसून भागत नाही, म्हणून फुकट उपसायला जातोस होय रे?"

आमच्याकडे डोंगरातल्या तळ्यांवर मासे धरायला जातात ते हिवाळ्याच्या शेपटाला. भर हिवाळ्यात वर धड उजेडही नसतो. मार्च सरत आला, सूर्य परत आला, बर्फावर कडक पापुद्रा धरला की निघायचं. पण बेत आखायला बसायचं ते तेरा जानेवारीलाच. त्या दिवशी सगळा गाव नाताळचं झाड घराबाहेर काढतो. आमचं झाड पुढच्या दाराने बाहेर गेलं की हालवार मला मागच्या दाराने आत आणायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर निजवायचा. मेर्ता म्हणायची, "एक टोचरा पाहुणा गेला नाही तोच दुसरा हजर!"

मग नकाशा उघडायचा आणि यादी व्हायची. अंगाखाली घालायला रेनडिअरची कातडी किती, वाळवलेलं मांस किती, पातळ भाकऱ्या किती, कॉफी किती आणि कॉफीत बुडवायचं चीज किती. मासे कमी पडले तर माणूस थांबतो, कॉफी कमी पडली तर परत फिरतो, असं हालवारचं मत होतं. आमिषाच्या अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवायचा की नाही, यावर दरवर्षी नव्याने भांडण व्हायचं आणि दरवर्षी डबा लोण्याशेजारीच राहायचा. तळ्यावर गेल्यावर अळ्या गोठू नयेत म्हणून हालवार त्या चक्क खालच्या ओठाआड धरायचा. "त्या तोंडाने घरी येऊन माझा मुका घ्यायचा नाही," असं मेर्ता त्याला बजावायची, आणि मग दारात उभी राहून हात हलवून म्हणायची, "जा आता. एकही न लागो!"

दचकू नका. आमच्याकडे मासे धरायला निघालेल्या माणसाचं चांगलं चिंतायचं नसतं. "भरपूर मिळोत" म्हटलं की त्या दिवसाचं वाटोळं झालंच म्हणून समजा. एकदा टपाल वाटायला नवीन आलेल्या बाईने भाबडेपणाने "शुभेच्छा हं!" म्हटलं. हालवारने टोपी काढली, बूट काढले आणि तो दिवसभर घरात बसून राहिला.

आता या माणसांचा एक अवगुण सांगतो. एरवी ही माणसं सरळ. कुणाच्या दाराला कुलूप नाही, उसनी नेलेली करवत न मागता परत येते. पण "चांगलं तळं कुठलं?" एवढं विचारलं की हीच माणसं डोळ्याला डोळा भिडवून खोटं बोलतात आणि त्यात कुणालाच पाप वाटत नाही. आमचा हालवार तर यात सगळ्यांचा गुरू.

त्याचं तळं वर दोन डोंगरांच्या खिंडीत होतं. तिथे इतकी सावली, की खालच्या तळ्यांवर दोन फूट बर्फ असतो तेव्हा तिथे चार फूट असतो. दांडीखालचा माझा पीळ काही चार फुटांचा नाही. पहिल्या वर्षी माझी दांडी बर्फाला टेकली तरी पाणी लागेना, तेव्हा हालवारने माझ्यासाठी एक हातभर लांबीची जोडदांडी आणली. ती मध्ये बसवली की मी चार फूट सहज पार करायचो. त्या एका तळ्याखेरीज ती कुठेच लागली नाही. आणि त्या बर्फाखाली काय होतं म्हणता? रोडिंग मासे! थंड पाण्यातले, लाल पोटाचे, कोपरापर्यंत हात मोजावा एवढे. नकाशावर मात्र त्या तळ्याला नावसुद्धा नव्हतं. मसुराच्या दाण्याएवढा निळा ठिपका, बस्स.

शेजारचा रुबेन दरवर्षी नेमका यादीच्या वेळी उगवायचा. निमित्त कधी साखरेचं, कधी हवेच्या अंदाजाचं. डोळे नकाशावर. त्याला चकवायला हालवारने दोन गोष्टी केल्या होत्या. एक म्हणजे, भलत्याच एका तळ्यावर, ज्याला घोड्याचं तळं म्हणतात त्यावर, लाल पेन्सिलीने ठळक फुली मारली होती. आणि दुसरी म्हणजे, पायऱ्यांवर रुबेनचे बूट वाजले की तो कॉफीचा कप उचलून नेमका त्या मसुराच्या दाण्यावर ठेवायचा. मेर्ता दर वेळी बशी पुढे करायची आणि हालवार दर वेळी बशी बाजूला सारायचा. चाळीस वर्षं हे चाललं.

मेर्तालाही त्याने तळं सांगितलं नव्हतं. "तुला ठाऊक नसलं म्हणजे तुला खोटं बोलावं लागणार नाही," असं तो म्हणायचा, जणू तिच्यावर उपकारच करत होता. त्यांची मुलगी इल्वा सात वर्षांची असताना एकदा तिला घेऊन गेला, तर घसरगाडीत बसवून डोक्यावरून कातडं पांघरलं आणि तळ्यावर पोचल्यावरच काढलं. परत येताना पुन्हा तेच. त्या गुपिताचे आम्ही तिघेच धनी होतो: हालवार, मी आणि मासे.

मित्रांनो, ती माझी सोन्यासारखी वर्षं होती. हालवार मला बर्फावर कधी आपटायचा नाही. काम झालं की कोरडं पुसायचा, पात्यांवर झाकण चढवायचा आणि मगच स्वतःच्या बोटांवर फुंकर घालायचा. मला आणखी काय हवं होतं?

मग हालवारचा गुडघा गेला. मी लाकडांच्या खोपीत खिळ्याला लटकलो तो सहा वर्षं तसाच. त्यातल्या एका उन्हाळ्यात हालवार गुडघ्यासाठी इस्पितळात असताना रुबेन आला. त्याला टपालपेटीचा खांब रोवायला खड्डा हवा होता. मेर्ता घाईत होती. "घे की, खोपीत असेल ते घे," म्हणाली. त्याने मला घेतलं आणि सरळ मातीत घातलं! पहिल्याच दगडाला माझ्या डाव्या पात्याचा टवका उडाला. रुबेनने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, मला शर्टाला पुसलं, झाकण चढवलं आणि गुपचूप खिळ्याला अडकवून निघून गेला. त्या कारखान्यातल्या बाई मला आठवल्या. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

गुडघ्यामागोमाग हालवारची आठवण जायला लागली. आधी लोकांची नावं गेली, मग वार गेले, मग दुकानाहून घरी यायची वाट गेली. आणि एक विचित्र गोष्ट झाली. घोड्याच्या तळ्याचं खोटं त्याने चाळीस वर्षं सगळ्यांना सांगितलं होतं, ते पक्कं राहिलं. खिंडीतलं तळं त्याने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, ते पुसलं गेलं.

गेल्या वर्षीच्या तेरा जानेवारीला इल्वा आली. ती आता पंचेचाळिशीची, समुद्राकाठच्या शहरात शाळेची बस चालवते. घर विकायचं ठरलं होतं. मे महिन्यात हालवार आणि मेर्ता तिच्या शेजारी, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला जाणार होते. हालवारने कुरकुर केली नाही. एवढंच म्हणाला, "येतो. पण आधी एकदा माझ्या तळ्यावर. मासा तिथे धरायचा, तिथेच भाजायचा."

"नेते, बाबा," इल्वा म्हणाली आणि तिने मला खोपीतून आणून टेबलावर निजवलं. सहा वर्षांनी पाठीला वर्तमानपत्र लागलं! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. नकाशा उघडला.

"तर कुठलं तळं?"

हालवारने लाल फुलीवर बोट ठेवलं. "हे काय. खूण केलीये ना."

मला ओरडावंसं वाटलं. पण गिरमिटाला तोंड असतं ते खालच्या बाजूला आणि ते फक्त बर्फाशी बोलतं. इल्वाने यादीच्या डोक्यावर लिहिलं: घोड्याचं तळं. एप्रिलचा पहिला आठवडा. एकच दिवस, कारण एका दिवसापेक्षा जास्त बाबांना झेपणार नाही.

तेवढ्यात पायऱ्यांवर बूट वाजले. हालवारचा हात आपोआप उठला आणि त्याने कप नकाशावर ठेवला. कुणाचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं.

"बूट काढ आधी," मेर्ता न बघताच म्हणाली.

रुबेन आत आला. बर्फावरची स्कूटर आणि माणूस झोपू शकेल एवढी घसरगाडी आता गावात त्याच्याचकडे होती, म्हणून इल्वानेच त्याला बोलावलं होतं. त्याने यादी वाचली आणि त्याचे कान लाल झाले.

"घोड्याच्या तळ्यावर नका जाऊ," तो म्हणाला. "तिथे काही नाही."

"तुला रे काय माहीत?" मेर्ताने विचारलं.

"आहे माहीत."

"अरे पण कसं?"

रुबेनने टोपी हातात चुरगाळली. "एकदा नकाशा असाच उघडा होता. हालवार लाकडं आणायला गेला होता. मी फुली बघितली. अकरा हिवाळे, मेर्ता! अकरा हिवाळे मी त्या फुलीवर भोकं पाडतोय. एकदा बोटाएवढा एक मासा लागला. त्यालाही माझी कीव आली असणार."

मेर्ता इतकी हसली की तिला खुर्ची धरून बसावं लागलं. इल्वा डोळे पुसत म्हणाली, "बाबा, काय हे! खोटी फुली?" मीही मनातल्या मनात खदखदत होतो. फक्त हालवार हसत नव्हता. तो फुलीकडे बघत होता.

"मी खोटी खूण कशाला करीन?" त्याने विचारलं. खरंच विचारलं. मग नकाशावरून बोट फिरवत फिरवत तो पार कडेपर्यंत गेला आणि परत आला. "मग माझं तळं कुठे आहे?"

वर डोंगरात लहानमोठी तीसेक तळी आहेत. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला थंडीत एकेका तळ्यावर फिरवत कसं नेणार? इल्वाने यादी घडी करून खिशात घातली आणि "बघू या" म्हणाली. मित्रांनो, मोठी माणसं "बघू या" म्हणाली की त्याचा अर्थ काय असतो ते तुम्हाला माहीत आहेच. मी पुन्हा खिळ्यावर गेलो. पुढे बरेच दिवस हालवार खिडकीशी बसून असायचा. एकदा खोपीचं दार उघडं होतं तेव्हा ओट्यावर मेर्ताला म्हणालेला मी ऐकला, "आपण इल्वाकडे नको जाऊ या आत्ता. मला आठवलं की जाऊ." मला त्याची फार दया आली, आणि माझ्या मुकेपणाची चीडही.

मार्चच्या मध्यावर इल्वा सामान बांधायला आली. खोपी रिकामी करताना तिला मेणकापडात गुंडाळलेली माझी जोडदांडी सापडली. तिने ती उजेडात धरली. टोकं वापरून वापरून आरशासारखी चमकत होती. तिने एकदा दांडीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि कुंपणावरून हाक मारली.

"रुबेन! जरा इकडे ये. घोड्याच्या तळ्यावर बर्फ किती असतो रे?"

"दोन फूट. फार तर अडीच."

"मग बाबांना ही कशाला लागायची? आणि बघ, किती झिजलीये."

रुबेनने दांडी हातात घेतली. मग मला घेतलं, झाकण काढलं आणि माझ्या टवका उडालेल्या पात्याकडे बघत राहिला. "हे माझं पाप आहे," तो म्हणाला. "टपालपेटीचा खांब."

"मातीत घातलंस?"

"घातलं. उद्या नवी पाती आणून बसवतो. तुझ्या बापाला सांगू नकोस." मग त्याने दांडी माझ्याशेजारी उभी धरून उंची बघितली. "चार फूट. चार फूट बर्फ फक्त खिंडीत असतो, इल्वा. तिथे तीन तळी आहेत."

तीस तळ्यांची तीन झाली! मी आनंदलो. पण इल्वा तशीच उभी होती.

"तिन्ही जवळजवळ आहेत?"

"छे. मध्ये दोन उभे चढ. स्कूटरने म्हाताऱ्याची हाडं खिळखिळी होतील. एका दिवसात एकच. बरं, दोन तळ्यांत मासा नाहीच म्हणतात. म्हणजे आम्ही एकमेकांना सांगतो तसं, त्यामुळे ते खरं किती देव जाणे."

दोघं मला घेऊन घराकडे निघाले. आत टेबलावर नकाशा पसरलेला होता. मेर्ता रोज तो खोक्यात भरायची आणि हालवार रोज बाहेर काढायचा. ती त्याला कॉफी ओतत होती. पायऱ्यांवर रुबेनचे बूट वाजले. हालवारने कप उचलला. मेर्ताने सवयीने बशीसाठी हात फिरवला, पण बशा आदल्या दिवशीच खोक्यात गेल्या होत्या. हात रिकामा राहिला, आणि म्हणूनच असेल, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने कप कुठे जातोय ते बघितलं.

"हालवार," ती हळूच म्हणाली, "तो कप जरा उचल बघू."

हालवारने कपाभोवती दोन्ही हात धरले. रुबेनकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. "तो गेल्यावर."

"का रे?"

हालवारने विचार केला. "माहीत नाही. पण तो गेल्यावर."

रुबेन, पंच्याहत्तर वर्षांचा बाप्या, मोजे घातलेल्या पायांनी मागे फिरला आणि शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "घ्या. नाही बघत."

तेव्हा हालवारने कप उचलला. खाली कॉफीचे गोल डाग होते. एकावर एक, एकात एक, चाळीस वर्षांचे, पार कागद करपल्यासारखा दिसेपर्यंत. आणि त्या सगळ्यांच्या मध्ये मसुराच्या दाण्याएवढा निळा ठिपका.

मेर्ताने तोंडावर हात धरला. "आणि मी दर वर्षी बशी पुढे करत होते! मला वाटायचं, या माणसाला कप ठेवायची रीत नाही."

हालवारने ठिपक्यावर बोट टेकवलं. त्याचा चेहरा असा उजळला की मला माझा नवा रंग आठवला. "हे," तो म्हणाला. "इथे जोडदांडी लागते."

"मी बघू का आता?" भिंतीकडून आवाज आला.

"नाही!" हालवार म्हणाला.

"बाबा, अहो, स्कूटर त्याची आहे," इल्वा एकाच वेळी हसत आणि रडत म्हणाली. एरवी ती त्याला अरेतुरे करते, पण त्या दिवशी तिची जीभ भलतीकडेच चालली होती.

हालवारने रुबेनच्या पाठीकडे बघितलं. "मग डोळे बांधून चालवू दे."

पुढची यादी अर्ध्या तासात झाली. अळ्या लोण्याशेजारी गेल्या आणि कुणी भांडलं नाही. मेर्ताने सगळ्यात खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: मेर्ता. "चाळीस वर्षं दारात उभी राहिले. आता मीही येणार," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं. हालवार घसरगाडीत कातड्यांच्या ढिगात, मी त्याच्या मांडीवर. दारात उभं राहून वाईट चिंतायला कुणीच उरलं नव्हतं, म्हणून मेर्ताला थोडी चुटपुट लागली होती. पण रस्त्याच्या वळणावर टपालाची गाडी थांबली, काच खाली झाली आणि त्याच त्या बाईंनी, आता पिकल्या केसांच्या, ओरडून सांगितलं, "एकही न लागो!" हालवारने टोपी न काढता हात हलवला.

खिंडीत पोचल्यावर रुबेनने आपलं बॅटरीवर चालणारं नवं गिरमिट काढलं. एक बटण दाबलं की घर्रर्र. तीन फूट गेलं आणि थांबलं. पाणी नाही. त्याने गुडघ्यावर बसून भोकात बघितलं. मी काही बोललो नाही. मोठ्यांनी अशा वेळी गप्प बसायचं असतं, पण मला खूप गंमत वाटली हे कबूल करतो.

मग माझी पाळी. जोडदांडी बसली, रुबेनने आणलेली नवी पाती बर्फात रुतली. माझ्या डोक्यावरच्या गोळ्यावर हालवारचा तळहात आणि दांडी फिरवायला इल्वा. हालवार हळूहळू सांगत होता, "दाबू नकोस. त्याचं त्याला जाऊ दे." एक फूट, दोन, तीन, आणि मग त्याच्या खाली, जिथे मी सहा वर्षांत गेलो नव्हतो. अचानक हात हलका झाला आणि माझ्या पिळांतून काळं, गार पाणी वर आलं.

हालवार कातड्यावर पालथा पडला आणि भोकात बघू लागला. गळाची वीतभर काठी हातात आपसूक हलू लागली. त्याने डब्यातून दोन अळ्या काढल्या आणि कुणी सांगितल्याशिवाय ओठाआड ठेवल्या.

"बघितलं मी!" मेर्ता ओरडली.

पहिला मासा यायला कॉफीचे दोन कप लागले. तांबड्या पोटाचा, कोपरापर्यंत भरेल एवढा. मेर्ताने तो लोण्यात भाजला. हालवारने पहिला घास तोंडात घातला, चावला, मेर्ताकडे बघितलं आणि म्हणाला, "हेच." मग तोंड पुसून तिचा मुका घेतला. तिने घेऊ दिला.

मित्रांनो, आता मी इल्वाच्या घरी राहतो. गावातले लोक रुबेनला विचारतात, तुम्ही त्या दिवशी एवढे मासे कुठून आणलेत? रुबेन डोळ्याला डोळा भिडवून सांगतो, घोड्याच्या तळ्यावरून. तिथे हल्ली बरीच गर्दी असते म्हणे.

तुमच्याकडे बर्फ नसेल, पण एखादी जुनी वस्तू असेलच. विळी असेल, अडकित्ता असेल. तिला भलत्या कामाला जुंपू नका. काम झालं की कोरडी पुसून ठेवा. एवढंच आमचं मागणं असतं. आणि घरातलं जुनं माणूस काही विसरलं, तर त्याला तेच तेच विचारून दमवू नका. त्याच्याजवळ कॉफी, चहा, जे तुमच्याकडे पितात ते घेऊन बसा आणि थोडा वेळ त्याच्या हातांकडे बघा. हालवारला बोलून सांगता आलं नाही, ते त्याच्या हातांनी सांगितलं. मी ते पाहिलं आहे.

यंदाच्या तेरा जानेवारीला झाड बाहेर गेलं आणि इल्वाने मला टेबलावर निजवलं. हालवार आता तिला कधी कधी मेर्ता म्हणतो आणि मेर्ताला "बाई, तुम्ही". नकाशा उघडला, यादी सुरू झाली आणि दारावरची घंटा वाजली. रुबेन इतक्या लांब बसने आला होता. हालवारने कप उचलला आणि जागेवर ठेवला. रुबेनला आता त्या तळ्याची वाट पाठ आहे. तरी तो कप नीट टेकेपर्यंत दारातच, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला.